उद्धव लेकरांशी बोलायचा

उद्धव पाठकाला स्वतःचं नाव सांगता येत नसे. बाकी कुणाचंही नाव कसंबसं निघे, पण स्वतःचं म्हटलं की पहिला 'उ'च घशात अडके. मान हिसके खाई, डोळे घट्ट मिटत, ओठांचा चंबू तसाच राही. समोरचा माणूस आधी कीव करी, मग हसे, मग घड्याळाकडे पाही.

अमरावतीला अंबागेटच्या आत त्यांचं घर. वडील भालचंद्रगुरुजी पूजा सांगत. सराफ्यातली, कापड दुकानदारांची, वकिलांची घरं त्यांच्याकडे बांधलेली. एकुलत्या मुलाने गादी चालवावी ही त्यांची इच्छा, आणि गंमत अशी की मंत्र म्हणताना उद्धव कुठेच अडखळत नसे. पुरुषसूक्त पाण्यासारखं वाही. वडील बरोबर असोत नसोत, सूर लागला की जीभ मोकळी. अडायचं ते सूर संपल्यावर, माणसाशी बोलताना.

मुंज होऊन वर्ष-दोन वर्षं झाली असतील. गुरुजींनी त्याला एका कापडवाल्याच्या घरी सत्यनारायणाला एकट्याने बसवलं आणि स्वतः मागे भिंतीला टेकून बसले. आचमन झालं, प्राणायाम झाला, संकल्प आला. यजमानाला गोत्र विचारायचं होतं. "गो... गो... गो..." एवढंच होत राहिलं. यजमान पळीत पाणी घेऊन थांबला. पाणी हातावरून गळून गेलं. मागच्या बायकांनी पदर तोंडाला लावले. शेवटी गुरुजी उठले, मुलाला दंडाला धरून पाटावरून उठवलं आणि त्या जागी स्वतः बसले. जाताजाता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "लोकांच्या जिभेवर सरस्वती असते. याच्या जिभेवर म्हैस बसली आहे."

सगळे हसले. यजमानाने हसून पुन्हा पाणी घेतलं.

त्यानंतर उपाय सुरू झाले. अक्कलकाऱ्याच्या झणझणीत मुळीची पूड मधात कालवून जिभेवर घासायची. जीभ पेटे, लाळ गळे, आणि तशा तोंडाने गुरुजी म्हणायला लावत, "म्हण. माझं नाव उद्धव भालचंद्र पाठक. म्हण." तो म्हणू शकत नसे. मग पुन्हा पूड. आई स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राही आणि आत निघून जाई.

पुढे मोठी बहीण बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. एक दिवस दुपारी ती मुलगी पाळण्यात टाहो फोडत होती. बहीण न्हाणीघरात, आई मागच्या अंगणात. उद्धव पाळण्याशी गेला आणि त्याच्या तोंडून आपसूक निघालं, "अगं बाऽऽई! कोण रडतंय गं? आमची सोनुली रडतेय का? काऽऽय झालं माझ्या राणीला?" आवाज वर चढलेला, एकेक अक्षर ओढलेलं, शेवटी झोका. मुलगी रडता रडता थांबली. त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आंऽऽ." त्याने विचारलं, "होऽऽ? अस्सं झालं?" ती पुन्हा म्हणाली, "आंऽऽ."

आई पदराला हात पुसत आली ती दारातच उभी राहिली. घरात कोण परका पुरुष आला, असं तिला वाटलं होतं. इतकं सलग बोलणं तिने या मुलाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. तिचे डोळे भरले. तेवढ्यात गुरुजी आले. त्यांनीही ऐकलं, आणि म्हणाले, "छान. मर्दाशी बोलता येत नाही, बायकांसारखं लाडे लाडे बोलता येतं."

त्या दिवसापासून घरात कुणी असताना उद्धवने पाळण्याकडे पाहिलं नाही.

गुरुजी गेले तेव्हा उद्धव चोविशीचा होता. पूजा सांगण्याचा प्रश्नच नव्हता. त्याने फोटो धुण्याचं काम शिकून घेतलं, कारण अंधाऱ्या खोलीत कुणाशी बोलावं लागत नाही. मग अकोल्याला अब्दुल सत्तार यांच्या रोशन फोटो स्टुडिओत त्याला जागा मिळाली. टिळक रोडच्या मागच्या गल्लीत, खाली दुकान आणि वर सत्तारभाईंचं बिऱ्हाड. सत्तारभाईंनी त्याला पहिल्या दिवशी नाव विचारलं, वाट पाहिली, आणि त्याचा चेहरा बघून म्हणाले, "रहने दो. कागद पे पढ लिया है." हे उद्धव कधी विसरला नाही.

एकदा रेल्वेतल्या एका तेलुगू साहेबाचं मूल पहिल्या वाढदिवसाच्या फोटोला आलं. पोराने जो सूर धरला तो सोडेना. आईने गाणी म्हटली, बापाने किल्ल्या वाजवल्या, सत्तारभाईंनी डोक्यावर टोपली घेऊन नाच केला. पोरगं लालबुंद. आतल्या खोलीत उद्धव ऐकत होता. शेवटी त्याला राहवलं नाही. ओल्या हातांनी पडदा सारून तो बाहेर आला, पोरासमोर उकिडवा बसला आणि बोलू लागला. "अरेऽऽ रेऽऽ रे! राजेऽऽ आले का आमच्या घरी? कुणी मारलं राजाला? या काकाने? ह्याऽऽ काकाने?" पोराला मराठीचा एक शब्द ठाऊक नव्हता. पण ते गप्प झालं, भुवया उंचावून त्याच्या ओठांकडे पाहू लागलं, आणि मग दोन दात दाखवून हसलं. सत्तारभाईंनी फोटो घेतला. साहेब निघून गेल्यावर ते उद्धवकडे वळले. "उद्धवभाऊ, ये चीज कहाँ छुपा के रखी थी?"

तेव्हापासून रोशन स्टुडिओची ख्याती झाली. रडकं पोर असलं की लोक म्हणत, सत्तारच्या दुकानात न्या, तिथे एक माणूस आहे. सिंधी, मारवाडी, गुजराती लेकरं आली. अकीक्याच्या, म्हणजे जावळाच्या, फोटोला मुसलमान घरांतली आली, बोरन्हाणाला हलव्याचे दागिने घातलेली आली. एकदा मोठ्या दवाखान्यात पोराला घेऊन आलेली सेमाडोहच्या जंगलाकडची एक कोरकू आदिवासी बाई, परत जाण्याआधी फोटो पाहिजे म्हणून आली. तिला मराठी जेमतेम येई, तिच्या पोराला तेही नाही. तेसुद्धा उद्धवशी आवाजाला आवाज देऊन बोललं. उद्धव कधी मराठीत बोले, कधी सत्तारभाईंच्या घरची उर्दू मिसळे, कधी नुसतंच आऽऽ-ऊऽऽ करी. लेकराला सगळं सारखंच. ते आवाजाच्या चढ-उतारावर डोलत येई. आणि वाक्य संपवून उद्धव थांबला की लेकरू आपली पाळी घेई. मोठ्यांशी बोलताना पडलेला खंड ही त्याची शरम होती. इथे थांबावंच लागे, नाहीतर लेकराने बोलायचं कधी?

लग्न झालं. अनुपमा कारंज्याकडची, हुशार, तुरतुरीत. नवऱ्याच्या तोंडून शब्द निघेपर्यंत थांबण्याएवढा धीर तिच्याजवळ नव्हता. तो अडला की ती वाक्य पुरं करून टाकी. पुष्कळदा चुकीचं पुरं करी. त्याला पाणी हवं असे, ती चहा ठेवी. तो चहा पिऊन घेई. मुलगी झाली, जुईली. पहिली दोन वर्षं बाप-लेकीच्या गप्पांनी घर भरलेलं होतं. मग जुईली मोठ्या माणसांसारखं बोलू लागली, तिला सरळ उत्तरं हवीशी झाली, आणि उद्धव पुन्हा अडखळू लागला. शाळेत पालकांच्या सभेला आईने यावं, बाबांनी नको, असं तिनेच एक दिवस सांगितलं. तिला दोष तरी कसा द्यायचा? वर्गातली मुलं तिला चिडवत होती.

असा तो पन्नाशीला पोचला. जुईलीचं लग्न होऊन ती अमरावतीला गेली, तिला दिवस गेले. उद्धव मनातून फार सुखावला होता. नातवंड येणार होतं. निदान दोन वर्षं तरी घरात त्याच्याशी बोलणारं कुणीतरी असणार होतं.

त्या उन्हाळ्यात पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा उठली. कुठल्या देशातले कोण जाणे, व्हिडिओ मोबाइलवर फिरू लागले. बुरखा घातलेला पुरुष, पोत्यात कोंबलेलं मूल, आणि खाली लिहिलेलं की ही टोळी आपल्या जिल्ह्यात आली आहे, सावध राहा. गावांच्या वेशीवर माणसं काठ्या घेऊन बसू लागली. खरं मूल कुणाचंच हरवलं नव्हतं.

अशात दर्यापूरच्या अलीकडच्या एका गावातून बोलावणं आलं. खुशालराव म्हणून मोठे शेतकरी, त्यांच्या नातवाचं उष्टावण होतं. पोरगं फार रडवं, तेव्हा तो हसवणारा माणूस हवाच, असं त्यांनी फोनवर बजावलं होतं. कॅमेरे घेऊन सत्तारभाई मोटरसायकलने येणार होते. उद्धवच्या कमरेला मोटरसायकल मानवत नसे, म्हणून तो एसटीने पुढे निघाला. फाट्यावर उतरून थांबायचं, तिथून सत्तारभाई त्याला गावात नेतील, असं ठरलं. त्याच्याजवळ नेहमीची थैली होती. तीत झबली, कुंच्या, कृष्णाचा मुकुट, बासरी, खुळखुळा.

फाट्यावर पत्र्याचा निवारा, पलीकडे चहाची टपरी, टपरीपाशी पाच-सात माणसं. निवाऱ्यात एक तरुण बाई कडेवरचं मूल थोपटत बसची वाट बघत होती. मूल उन्हाने आणि भुकेने कळवळून रडत होतं. बाई दमली होती. उद्धव पलीकडच्या टोकाला बसला, दुसरीकडे पाहू लागला. पण ते रडणं त्याच्या कानाला सहन होईना. तो थोडा सरकला.

"अगं बाऽऽई! कुणाला ऊन लागलं गं? आमच्या छकुल्याला लागलं? दुऽऽष्ट ऊन!"

मूल थबकलं. आईच्या खांद्यावरून मान वळवून त्याला पाहू लागलं. त्याने खुळखुळा काढला.

"लय रडते जी," बाई हसून म्हणाली. "सकायपासून जीव खाल्ला यानं. तुमच्यासंग बरं गप झालं."

उद्धव तिला उत्तर देणार नव्हता. ती मोठी होती. त्याने मुलालाच सांगितलं, "जीऽऽव नाही खाल्ला, दूऽऽध हवं होतं ना?" मूल खिदळलं. त्याने हात पुढे केले, मुलाने झेप टाकली. आणि ते मूल त्याच्या मांडीवर आलं तेव्हाच टपरीवरचा एकजण रस्ता ओलांडून आला. चंद्रभान त्याचं नाव. हातात मोबाइल होता.

"कोण बे तू? कोनत्या गावचा?"

उद्धवने वर पाहिलं. तोंड उघडलं. 'अकोल्या'चा 'अ' अडकला.

"नाव काय हाय तुयं?"

"उ... उ... उ..."

मान हिसका खाऊ लागली, डोळे मिटले. बाकीची माणसं आली. बाईने घाबरून मूल ओढून घेतलं.

"बोलत कावून नाही बे? नाव ठरवून राहिला काय?"

"चंद्रभान, थैली पाहा त्याची, थैली पाहा."

थैली उलटी केली गेली. धुळीत झबली पडली, कुंच्या पडल्या, चमकीचा मुकुट पडला. कुणीतरी एक झबलं काठीच्या टोकावर उचलून धरलं.

"लेकरायचे कपडे! किती लेकरं नेले बे आतालोक?"

"पोट्टं पळवाले आलता ना? सांग! आलता ना?"

उद्धव 'नाही' म्हणायला गेला. 'न' जिभेवर चिकटला आणि मान खाली-वर, खाली-वर हिसकत राहिली.

"हो म्हंते! पाहा, हो म्हंते!" चंद्रभान ओरडला, आणि पहिली थप्पड बसली.

उद्धवने बाईकडे पाहिलं. तिने सगळं पाहिलं होतं. कुणीतरी तिला विचारलं, "काय केलं यानं, बाई?" ती मूल छातीशी आवळून उभी होती. आता इतकी माणसं तिच्याकडेही बघत होती. तिने नजर खाली घातली. "मले काई मालूम नाही जी. पोट्टं रडून राहिलं होतं, यानं काईतरी म्हटलं अन् एकदम गप झालं. काई भुरळ घातली असंन."

एवढं म्हणून ती मागे सरकली.

दुसरी थप्पड बसली, तिसरी बसली. कुणीतरी मागून लाथ घातली. गुडघ्यांवर पडता पडता उद्धवला कळून चुकलं की नाव सांगितलं नाही तर आपण मरणार. आणि नाव एकाच तऱ्हेने निघेल हेही कळलं. त्याने आवाज वर चढवला, अक्षरं ओढली.

"मी उद्धऽऽव गं बाऽऽई! अकोऽऽल्याचा उद्धऽऽव! फोऽऽटो काढायला आऽऽलो ना मी? छाऽऽन छाऽऽन फोटो?"

सगळे थांबले. पन्नाशीचा माणूस, नाकातून रक्त येतंय, आणि पाळण्याशी बोलावं तसं बोलतोय. मग एकजण हसला आणि हसण्याचा लोटच आला. चंद्रभानने मोबाइल समोर धरला.

"अजून बोल बे. अजून बोल!"

उद्धवने तेच पहिल्यापासून पुन्हा म्हटलं आणि पुढेही बोलला. हसतायत तोवर मारत नाहीत, हे त्याने पाहिलं. "सत्ताऽऽरभाई येणार आहेत हं का. खुशालराऽऽवांच्या घरी जायचंय आपल्याला..."

आणि त्या बाईच्या कडेवरचं मूल खुदकन हसलं. त्याला धूळ दिसत नव्हती, रक्त कळत नव्हतं. ओळखीचा सूर आला होता, एवढंच त्याला समजलं. ते हात पसरून उद्धवकडे झेपावू लागलं.

हसणं थांबलं. "पाहा, पाहा, लेकरू कसं हासून राहिलं. मंतर हाय याच्यापाशी!"

"आमाले लहान लेकरू समजून राहिला काय बे?"

मग मात्र काठ्या चालल्या. लहानपणी गुरुजींनी जिच्यावर म्हैस बसल्याचं म्हटलं होतं ती जीभ दातांखाली आली. जबडा मोडला. उजव्या हाताचा अंगठा कुणाच्या तरी बुटाखाली चिरडला. पोराचं हसणं आईने तोंडावर हात दाबून बंद केलं.

सत्तारभाई आले ते याच वेळी. दुरूनच त्यांना गर्दी दिसली, धुळीत पडलेला मुकुट दिसला आणि काय ते कळलं. त्यांनी मोटरसायकल थांबवली. पांढरी दाढी, डोक्यावर टोपी. त्यांनी क्षणभर विचार केला, गाडी वळवली आणि मागच्या गावाला जाऊन पोलिसांना फोन केला. पोलिस आले म्हणून उद्धव जिवंत राहिला. सत्तारभाईंनी नंतर दवाखान्यात त्याच्या पायाशी बसून सांगितलं, "मैं रुकता तो दोनों जाते, उद्धवभाऊ." ते खरं होतं. उद्धवने मान हलवली. तरी त्या दिवसानंतर सत्तारभाईंना त्याच्या डोळ्यांत बघता आलं नाही.

खुशालरावांनी शुभदिनी कटकट नको म्हणून दर्यापूरहून दुसरा फोटोवाला बोलावला आणि उष्टावण वेळेवर उरकलं.

जबाब घ्यायला हवालदार आला तेव्हा उद्धवचा जबडा तारांनी बांधलेला होता आणि उजवा हात प्लास्टरमध्ये. मारणाऱ्यांतला कुणी ओळखता येईल का, हवालदाराने विचारलं. उद्धवला चंद्रभानचा चेहरा कायमचा पाठ झाला होता, लोकांनी त्याला मारलेली हाकही आठवत होती. तो बांधलेल्या तोंडातून 'च... च...' करू लागला. हवालदाराने जांभई दिली. अनुपमा सवयीने पुढे झाली. "चेहरे आठवत नाहीत म्हणताहेत. राहू द्या ना साहेब, आम्हाला काही वाढवायचं नाही." उद्धवने डावा हात गादीवर आपटला. तिने तो हात धरून ठेवला. गुन्हा अज्ञात जमावावर नोंदला गेला. बाहेर गेल्यावर ती जिन्यात बसून रडली. पण परत येऊन तिने काही दुरुस्त केलं नाही. त्या गावाच्या लोकांची तिला भीती वाटत होती, आणि जुईलीचे दिवस भरत आले होते.

व्हिडिओ मात्र सगळीकडे पोचला. मारहाणीचा नव्हे, त्याआधीचा. 'मी उद्धऽऽव गं बाऽऽई.' खाली हसण्याची चित्रं. अकोल्यात, अमरावतीत, कुठे कुठे लोकांनी तो एकमेकांना पाठवला. तारा काढल्यावर उद्धव पहिल्यांदा गल्लीत आला तर कॉलेजची पोरं गाडीवर बसून ओरडली, "उद्धऽऽव गं बाऽऽई!" भाजीवाला हसला. स्वतःचं नाव इतक्या तोंडांतून, इतक्या सहजपणे निघताना उद्धव प्रथमच ऐकत होता.

जुईलीला मुलगा झाला. ईशान नाव ठेवलं. बारशाला उद्धव अमरावतीला गेला. जुईलीच्या सासरच्यांनीही तो व्हिडिओ पाहिलेला होता. जेवणं झाल्यावर सासूबाई हसून म्हणाल्या, "आता आजोबांनी बोलून दाखवावं. सगळा जिल्हा ऐकतोय, नातवानेच नाही ऐकलं." जुईलीची मान खाली गेली. कुणीतरी ईशानला उद्धवच्या मांडीवर ठेवलं. दोघा-तिघांनी मोबाइल काढले.

ईशान त्याच्या तोंडाकडे बघू लागला. छोटे ओठ उघडून, श्वास धरून वाट बघत होता, जशी सगळी लेकरं बघतात. उद्धवने आवाज वर उचलला.

"अ... अ... अ..."

त्या सुरात तो कधी अडला नव्हता. त्याने पुन्हा उचलला. मोबाइलचे काळे डोळे समोर होते, आणि वाकडा सांधलेला जबडा एका बाजूला ओढला गेला. मान हिसकली, डोळे मिटले, ओठ दातांवरून मागे गेले. डोळे उघडून पाहिलं तर ईशानचा चेहरा चुरगळत होता. मग त्याने असा टाहो फोडला की आतून बायका धावत आल्या.

"बाबा, राहू द्या," जुईलीने मूल उचललं. तिला रागावायचं नव्हतं. पण घाईत शब्द निघून गेले. "घाबरवू नका त्याला."

पुढच्या खेपांना ती मूल दुरूनच दाखवी. उद्धवही लांबच्या खुर्चीवर बसे. ईशान बोलू लागला तेव्हा सगळ्यांची नावं त्याच्या तोंडात आली. आजोबा खोलीत आले की तो आईच्या साडीत तोंड लपवी.

सत्तारभाईंनी उद्धवला कामावरून काढलं नाही. आतल्या खोलीत फोटो कापायचे, चौकटीत बसवायचे, एवढं त्याच्याकडे राहिलं. अंगठा वळत नव्हता, तरी जमे. पुढे सत्तारभाईंचा पुतण्या शाकीब कॅमेरा चालवू लागला. पोरगा चुणचुणीत, वाईट मुळीच नव्हता. लेकरं त्याच्याकडेही रडत. त्याने किल्ल्या वाजवल्या, मोबाइलवर कार्टून लावलं, इंग्रजी गाणी लावली. काही लेकरं बघत, काही रडत राहत.

एक दिवस एका मारवाडी घरातली जुळी मुलं आली. दोघांनी दुकान डोक्यावर घेतलं. उद्धव पडद्याआड चौकटीला खिळा मारत होता. आणि बाहेरून त्याला स्वतःचा आवाज ऐकू आला.

"मी उद्धऽऽव गं बाऽऽई! अकोऽऽल्याचा उद्धऽऽव!"

जुळी एकदम गप्प झाली. मग एक हसलं, त्याचं बघून दुसरं. त्यांची आई कौतुकाने म्हणाली, "अरे वा, कौन है ये?" शाकीबने बटण दाबून व्हिडिओ थांबवला. "है एक आदमी. बच्चे इसपर फिदा हैं." कॅमेऱ्याचा आवाज आला. फोटो छान आले.

सत्तारभाई तेव्हा वरून खाली आले होते. त्यांनी ऐकलं. पडदा सारून ते आत आले आणि उद्धवला म्हणाले, "मैं मना कर देता हूँ उसको." उद्धवने त्यांच्याकडे पाहिलं. काही बोलायला ओठ उघडले, जबडा ओढला गेला. सत्तारभाई थोडा वेळ थांबले. मग बाहेर गिऱ्हाईक आलं आणि ते गेले. त्यांनी शाकीबला सांगितलं की नाही, कुणास ठाऊक. सांगितलं असलं तरी धंदा वाढत होता.

आताही तो व्हिडिओ रोशन स्टुडिओत लागतो. कोणत्याही घरचं, कोणत्याही भाषेचं लेकरू असो, त्या आवाजावर थांबतं आणि हसतं. लोक ओरडू लागतात तो व्हिडिओचा पुढचा भाग शाकीबने कापून टाकला आहे. आतल्या खोलीत उद्धवच्या कानात मात्र तो पुढे चालूच राहतो. 'खुशालराऽऽवांच्या घरी' एवढं ऐकू आलं की तो हातातली हातोडी खाली ठेवतो आणि गालावर हात धरतो.